ज्याची त्याची टाळी

मोहरवाडीच्या अंगणवाडीत टाळ्या वाजत नाहीत. बाकी सगळं वाजतं. डब्यात खडे घालून केलेला खुळखुळा वाजतो, उपडं पातेलं वाजतं, आणि पावसाळ्यात डोक्यावरचा पत्रा तर असा वाजतो की सत्यशीलाबाईंना स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही. पण गाण्याला ठेका धरायची वेळ आली की पोरं टाळी न वाजवता मांडीवर थापा मारतात. पंचवीस पोरं, पन्नास मांड्या.

मागं एकदा तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो बाई, तुमच्याकडं टाळ्यांवर बंदी आहे की काय?" सत्यशीलाबाई कशाबशा हसल्या आणि म्हणाल्या, "मांडीवर मारलं की ताल लवकर धरतात, मॅडम." पर्यवेक्षिकांनी ते 'नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हणून वहीत लिहून घेतलं. सरकारी वहीत काय काय नावीन्यपूर्ण होऊन बसतं, याच्यावर एक वेगळीच वही भरेल.

खरी गोष्ट अशी की बाईंना टाळीची भीती वाटत होती. सून भाकरी थापायला बसली की त्या उठून ओट्यावर जात. पत्र्यावरून पारवे फडफडत उडाले की हातातला खडू तसाच थांबे. गेलं दीड वर्ष हे असंच चाललं होतं, आणि घरात कुणाला त्याचं कारण ठाऊक नव्हतं.

तसं पाहिलं तर सत्यशीलाबाई भित्र्या नव्हत्या. वय अठ्ठेचाळीस, त्यातली सव्वीस वर्षं याच अंगणवाडीत गेली. पाथर्डीच्या पुढं डोंगराला लागून असलेलं हे गाव. पाऊस मनात आलं तर पडतो, आणि दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. अशा गावात तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना घरच्या घरी काय शिकवावं, याचे रंगीत तक्ते वरून येत. त्यात गुबगुबीत सोफ्यावर बसलेली आई असे आणि तिच्यापुढं प्लॅस्टिकचे ठोकळे. बाई तो तक्ता भिंतीला लावत आणि आयांना सांगत, "ही बया तिच्या घरी. आपल्या घरात काय हाय ते बघू."

मग निघे ते सगळं घरातलंच. मूग आणि तूर मिसळून ताटात द्यायची, पोरानं वेगळी करायची. बादली किती तांब्यांनी भरते ते आंघोळीच्या वेळी मोजायचं. कपड्यांच्या घड्या घालताना बापाचा सदरा कोणता, तुझा कोणता, लहान कोणता, मोठा कोणता, हे विचारायचं. पिठाच्या गोळ्याचा साप करायचा, सापाची बांगडी करायची आणि बांगडी मोडून परत गोळा करायचा. एका म्हातारीनं तर नातवाला शेळीच्या लेंड्यांवर वीसपर्यंत मोजायला शिकवलं होतं. बाईंनी पालक मेळाव्यात त्या म्हातारीला नारळ दिला. लोक हसले, पण त्या पोराला वीसपर्यंत मोजता येत होतं हे कुणी नाकारलं नाही.

"हात कामात असू द्या," बाई आयांना सांगत. "तोंड तर मोकळं असतंय ना? बोलत ऱ्हावा लेकराशी."

यावर राजेश्वरीच उठून बोलली होती. राजेश्वरी म्हणजे भागवतची बायको. सगळ्या आयांमध्ये हौशी. तिच्या कल्याणला साडेतीन वर्षांचा असतानाच सगळे रंग यायचे, आणि घरातल्या प्रत्येक भांड्याला त्यानं स्वतःचं एकेक नाव ठेवलं होतं. ती म्हणाली, "बाई, घरी ठीक हाय. पन फडात काय करायचं? उसात पोरगं दिसत न्हाई. हाका मारून मारून घसा बसतो."

तो तोडीला जायच्या आधीचा शेवटचा मेळावा होता. बारा आया निघायच्या होत्या, बहुतेकींच्या कडेला नाहीतर पदराला एकेक लेकरू. बाईंनी थोडा विचार केला आणि दोन टाळ्या पटापट वाजवल्या. मग जरा थांबून आणखी एक. दोन, आणि एक.

"ही आपली टाळी," त्या म्हणाल्या. "आईनं वाजवली की लेकरानं जिथं असंल तिथून तश्शीच वाजवायची. त्याचा कान तयार हुतो, मोजनी हुती, आन् तुमाला कळतं की पोरगं हाय. मोळी बांधून झाली की एकदा वाजवा. घसा ताणायचं काम न्हाई."

आयांना ते फार आवडलं. अर्धा तास नुसता टाळ्यांचा गोंधळ चालला होता. आया या भिंतीला, पोरं त्या भिंतीला. दोन आणि एक, दोन आणि एक. प्रत्येक लेकराला वेगळी टाळी द्यावी असं बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. येऊन गेलं. पण बारा जणींना बारा टाळ्या शिकवायला दुपार पुरली नसती, आणि तिकडं गॅसवरच्या खिचडीचा खाली लागल्याचा वास यायला लागला होता. म्हणून एकच टाळी, सगळ्यांना. बाई उठून खिचडी हलवायला गेल्या.

त्या खिचडीचा वास बाईंना अजूनही अवेळी येतो.

पौषात राहात्याच्या पुढच्या बागायती पट्ट्यात टोळी एका फडावर होती. फडाच्या कडेला जुनी विहीर, तिला कठडा नाही. राजेश्वरी मोळ्या बांधत होती आणि तिची धाकटी, दीड वर्षाची मोनिका बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. एक मोळी झाली, राजेश्वरीनं टाळी वाजवली, उसातून टाळी आली. दुसरी मोळी झाली, टाळी वाजवली, टाळी आली. तिसऱ्यांदाही आली. मग भाकरी खायला म्हणून सगळ्या आयांनी पोरांना बोलावलं. पाच पोरं आली. कल्याण आला नाही.

चैत्रात टोळी परतली तेव्हा बाई राजेश्वरीला भेटायला गेल्या. राजेश्वरी रडत नव्हती. शांतपणे आणि थोड्याशा अभिमानाच्या सुरात ती म्हणाली, "बाहेर काढलं तवा लोक म्हनले, पडून लई येळ झालाय. पन बाई, टाळी आली हुती. तीनदा आली. इहिरीत ग्येल्यावरबी माझ्या लेकरानं टाळी द्यायची सोडली न्हाई."

गावात ही गोष्ट सगळीकडं झाली. कुणी म्हणालं, माया. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी. बाई मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी तोडीहून आलेल्या पोरांनी अंगणवाडी पुन्हा भरली. सवयीनं बाईंनी पोरांना गोळा करायला टाळी वाजवली, दोन आणि एक. पाण्याच्या टाकीमागून लगेच उत्तर आलं आणि पाठोपाठ धनश्री धावत आली. धनश्री तेव्हा साडेपाच वर्षांची. ती त्याच टोळीबरोबर आईबापासंगं गेली होती. धापा टाकत ती म्हणाली, "बाई, मला लई चांगली येती टाळी. तिकडं मी सगळ्यांच्या आयांना द्यायचे. कल्याणच्या आईलाबी दिली. तिनं वाजवली आन् कल्याण देतच नव्हता, मग मीच दिली. तीनदा."

ती शाबासकीसाठी थांबली होती. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या तोंडून शब्द गेले, "शहाणी गं माझी."

आपण त्या वेळी हे म्हणालो याचं त्यांना अजून नवल वाटतं. पण दुसरं काय म्हणायचं होतं? त्या दिवसापासून अंगणवाडीतली टाळी बंद झाली.

बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. त्या स्वतःला म्हणत, लेकराचं नाव बाहेर आलं तर गाव तिला जन्मभर सोडायचं नाही. हे खरंच होतं. पण त्याच्या आडचं दुसरं खरं असं होतं की टाळी एकच कुणी शिकवली, हा प्रश्न मग आपोआप आला असता. धनश्रीला पुढं उभं करून बाई तिच्या मागं लपल्या होत्या, आणि लपलोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

असं दीड वर्ष गेलं. मधल्या हंगामात भागवत एकटाच, बायकोशिवाय अर्धा कोयता म्हणून गेला आणि आला. राजेश्वरी घरीच राहिली. धनश्री दुसरीत गेली. आणि यंदा, घट बसायला चार दिवस असताना, मदतनीस पुष्पावती पातेलं घासता घासता दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, राजेश्वरीच्या घरात टाळी येतीया."

"काय बोलतेस?"

"मी ह्या कानांनी ऐकली. राजेश्वरी चुलीपाशी, सासू वट्यावर. आन् टाळी आतल्या खोलीतनं. कुनीच न्हाई तिथं."

बाईंनी तिला झापलं. पण ती वळताच त्यांनी यादी काढली. मोनिका भागवत, वय तीन वर्षं तीन महिने, अंगणवाडीत एकही दिवस हजर नाही. तिची आजी कडूबाई दर वेळी सांगायची, पोरगी बोलत नाही, पाठवून काय करायचं. तीन वर्षांचं लेकरू एक शब्द बोलत नाही, आणि आपण दीड वर्षात त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. घराघरात जाऊन आयांना बोलायला शिकवणाऱ्या आपण. बाईंनी चपला घातल्या.

दुपार कलली होती. घटाची आवराआवर म्हणून घराघरापुढं धुतलेल्या गोधड्या वाळत होत्या. राजेश्वरीचं घरही सारवून लख्ख होतं. ओट्यावर बसलेल्या कडूबाईनं बाईंना पाहिलं आणि हळूच सांगितलं, "पितरांचा पंधरवडा हाय म्हून काल मी कावळ्याला घास ठिवाया निघाले, पोराच्या नावानं. तर सून म्हनती, जित्या लेकराचा घास कशाला ठिवता?"

आत राजेश्वरी भाकऱ्या करत होती. बाईंना पाहून तिला आनंद झाला. चेहरा ओढलेला, पण डोळ्यांत तेज होतं, आणि ते तेज बाईंना सहन होईना. चुलीच्या बाजूला एक पाट मांडलेला होता. पाटापुढं ताट, ताटात मूग आणि तूर मिसळलेली.

"हे कुणाला?" बाईंनी विचारलं.

"कल्याणला. तुमीच दिलेला खेळ हाय की. मी संध्याकाळी मांडून ठिवते. सकाळी बगा तुमी, मूग एकीकडं, तूर एकीकडं. एक दाना इकडचा तिकडं न्हाई."

राजेश्वरीनं तव्यावर भाकरी टाकली, पिठाचे हात पदराला पुसले आणि टाळी वाजवली. दोन, आणि एक.

क्षणभर काहीच नाही. मग आतल्या अंधाऱ्या खोलीतून, अगदी हलक्या हातानं, दोन आणि एक.

दीड वर्ष जी टाळी सत्यशीलाबाईंना झोपेत ऐकू येत होती ती आता दहा हातांवर वाजली होती. लहान तळव्यांची कोरडी टाळी. एक क्षण त्यांना वाटलं, राजेश्वरीच खरी असेल, आणि धनश्रीचं बोलणंच आपल्याला भास झालं असेल. त्या क्षणी त्यांना तसं असावंसं फार वाटलं. कल्याणनंच टाळी दिली असेल तर सगळेच सुटत होते.

"आयकलं?" राजेश्वरीचा चेहरा उजळला होता. "आता तुमीबी आयकलं."

बाई उठल्या.

"आत जाऊ नका बाई, ग्येलं की तो गप हुतो."

बाई गेल्या. खोलीत धान्याची पत्र्याची कोठी, तिच्यामागं पोती, आणि पोत्यांच्या फटीत दोन डोळे. मोनिका गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिथून दाराच्या फटीतून चुलीपाशी बसलेली आई बरोबर दिसत होती. पोरीनं बाईंकडं पाहिलं आणि एक बोट उभं करून ओठांवर ठेवलं.

सव्वीस वर्षांत बाईंनी शेकडो लेकरं पाहिली होती. गप्प कसं राहायचं हे एवढं समजलेलं लेकरू त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि वळसा घालून ओट्यावर आल्या.

"मावशी, तुमाला ठाव हाय?" त्यांनी कडूबाईला विचारलं.

म्हातारीनं मान खाली घातली. "हाय की. मागं एकदा पोरगी टाळी देत देत भाईर आली हुती. सुनंनं लई मारलं तिला. म्हनली, दादाची टाळी घेतीस व्हय? तवापासनं पोरगी आतूनच देती. मूग-तूरबी तीच निवडती, आमी उठायच्या आधी." जरा थांबून ती म्हणाली, "पन टाळी आली का सून भाकरी खाती वो. न्हाई आली तर न्हाई खात. मी तरी काय करू?"

म्हणजे ते सव्वातीन वर्षांचं लेकरू आईला जेवू घालत होतं. आईचा चेहरा आपल्यासाठी फुलत नाही, आपण दिसलो की विझतो, एवढं तिला कळलं होतं. म्हणून तिनं न दिसायचं ठरवलं होतं.

बाईंना वाटलं, निघावं. उद्या येऊ, बोलू, काहीतरी करू. उंबऱ्यापाशी चपला पायात सरकवताना त्यांनी आतल्या राजेश्वरीला उगाच विचारलं, "दसऱ्यानंतर भागवत एकटाच का?"

"न्हाई, औंदा पुरा कोयता. मीबी जाती."

"आन् मोनिका?"

"नेते की. मला आता काळजी न्हाई बाई. टाळी वाजवीन. दादा हाय तिच्यासंगं, देईल."

बाईंच्या पायातली चप्पल तशीच राहिली. फड दिसला त्यांना. ऊस, कुठंतरी विहीर, पाच-सहा लेकरं, आणि सगळ्यांना येणारी तीच टाळी. कुणीही उत्तर देणार, आणि ही खुशाल पुढची मोळी बांधणार. आता गप्प बसलो तर या वेळी मात्र आपण सगळं माहीत असून गप्प बसलो असं होईल. बाई परत आत आल्या आणि राजेश्वरीच्या समोर भुईवरच बसल्या.

"राजेश्वरी, त्या दिवशीची टाळी कल्याणची नव्हती."

राजेश्वरी आधी हसली. "मग कुनाची?"

"दुसऱ्या लेकराची. मी बारा जणींना एकच टाळी शिकवली हुती. तू वाजवली, कल्याणनं दिली न्हाई, म्हून दुसऱ्या लेकरानं दिली. त्याला वाटलं, चांगलं करतोय."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"त्या लेकरानं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कुणी ती उलटली नाही.

"मंजी माझ्या पोरानं टाळी दिलीच न्हाई?"

"न्हाई."

"मंजी मी तीन मोळ्या बांधल्या." राजेश्वरी बोटांकडं पाहत होती. "तो देत नव्हता, आन् मी तीन मोळ्या बांधल्या."

"तुला टाळी आली. तुझी काय चूक? टाळी वेगळी असती तर तू पहिल्याच मोळीला पळाली असतीस. चूक माझी हाय."

"कुनाचं पोर?"

"माझ्या अंगणवाडीतलं. नाव इचारू नको. घ्यायचं तर माझं नाव घे."

"कधीपासनं ठाव हाय तुमाला?"

"कल्याण गेला त्याच्या पुढच्या चैत्रापासनं."

राजेश्वरीनं मान वर केली. बाईंना तिच्या शिव्या चालल्या असत्या, तिनं जळतं लाकूड उचललं असतं तरी चाललं असतं. पण दात आवळून, बाईंच्या तोंडासमोर हात नेऊन तिनं टाळी वाजवली. दोन, आणि एक. "मग हितं कोन देतं? सांगा, हितं कोन देतं?"

आतून टाळी आली. घाबरलेली, घाईची, पण आली. दोन आणि एक.

"तूच जाऊन बघ," बाई म्हणाल्या.

राजेश्वरी जागची हलली नाही. तिला जायचं नव्हतं हे बाईंना कळलं. मग बाईंनी आतल्या दाराकडं तोंड केलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा दोन्ही तळवे एकमेकांवर आणले. एक टाळी वाजवली आणि लगेच एक थाप भुईवर मारली.

"मोनिका, ही टाळी तुझी. दादाची न्हाई, कुनाची न्हाई. तुझी एकटीची."

टाळी आणि थाप. काही नाही. पुन्हा टाळी आणि थाप. कोठीचा पत्रा हलला. तिसऱ्या वेळेला मोनिका दारात येऊन उभी राहिली. केसांत कोंडा, गालाला पोत्याचा वळ. तिनं बाईंकडं पाहिलंच नाही, ती आईच्या चेहऱ्याकडं पाहत होती.

राजेश्वरीनं तिच्याकडं पाहत पुन्हा टाळी वाजवली. जुनीच, दोन आणि एक. पोरीनं आपल्या तळव्यांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. राजेश्वरीनं पुन्हा वाजवली. मग पुन्हा. घरातून कुठूनही उत्तर आलं नाही. चुलीत लाकूड तडतडलं तेवढंच.

तेव्हा राजेश्वरी रडली. त्या पौषापासून जे आत धरून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं, आणि ओट्यावर कडूबाईनंही डोळ्यांना पदर लावला. बाई तिला धरायला पुढं झाल्या, पण राजेश्वरीनं त्यांचा हात झटकला. तो झटकलेला हात घेऊन बाई बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं, नाक पुसता पुसता, राजेश्वरीनं एक टाळी वाजवली आणि हात भुईवर आपटला. मोनिका दार धरून उभी होती. तिनं खाली बसून भुईवर थाप मारली. टाळी मारायची विसरली. मग आठवलं, आणि मारली.

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं कावळ्याला घास ठेवला. राजेश्वरीनं तो स्वतः वाढून दिला असं पुष्पावतीनं येऊन सांगितलं.

दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत बाई तोडीला निघणाऱ्या प्रत्येक घरी गेल्या. प्रत्येक लेकराला त्याची टाळी ठरवून दिली. एकाची तीन सरळ, एकीची एक टाळी आणि एक चुटकी, एकाला टाळी जमेना म्हणून डबा वाजवायला दिला. दुसऱ्याच्या टाळीला उत्तर द्यायचं नाही, आणि उत्तर नाही आलं की हातातलं काम टाकून पळायचं, हे आयांकडून घोकून घेतलं. प्रत्येक घरी, न विचारता, ते असं का हेही सांगितलं. पहिल्यांदा मी चूक केली, असं. काही घरांनी चहा दिला, काहींनी दिला नाही. राजेश्वरी मात्र त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. बाईंनी तशी अपेक्षाही धरली नव्हती.

निघायच्या सकाळी वेशीपाशी ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन ट्रेलर, त्यात पोती, चुली, शेळ्या, माणसं. बाई जरा लांब उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी धनश्री आली. दप्तर पाठीला. दुसरीत असल्यामुळं यंदा तिला आजीकडं ठेवून आईबाप निघाले होते, आणि रडायचं नाही म्हणून ती ओठ चावत होती.

ट्रॅक्टर हलला. मोनिकाला पुढ्यात घेऊन राजेश्वरी मागच्या ट्रेलरच्या कडेला बसली होती. घराच्या दिशेनं बघत तिनं हात वर केले आणि टाळी वाजवली. दोन, आणि एक. ती निरोपाची होती, कुणी उत्तर द्यावं म्हणून नव्हती. पण सात वर्षांच्या धनश्रीचे हात सवयीनं आपोआप वर आले. बाईंनी ते हवेतच पकडले, दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरले.

"ती तुझी न्हाई बाळा," त्या पुटपुटल्या. "राहू दे."

मान वर केली तर राजेश्वरी पाहत होती. आधी बाईंच्या हातांकडं, मग त्या हातांतल्या लहान हातांकडं, मग धनश्रीच्या तोंडाकडं. तिला कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर बाईंना इतक्या लांबूनही स्पष्ट दिसलं. पुढच्याच ट्रेलरवर धनश्रीची आई बसली होती. राजेश्वरीनं नुसती हाक मारली असती तरी गाव गोळा झालं असतं.

राजेश्वरी धनश्रीकडं बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं मान वळवली, एक टाळी वाजवली आणि ट्रेलरच्या पत्र्यावर एक थाप मारली. तिच्या पुढ्यातून लगेच उत्तर आलं, टाळी आणि थाप.

ट्रॅक्टर वळणाआड गेला, धूळ खाली बसली, शाळेची घंटा झाली. तरी सत्यशीलाबाईंनी धनश्रीचे हात सोडले नव्हते.